छत्रीझाडांची अदलाबदल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कलाबाई नर्सरीच्या फाटकातून बाहेर पडत होती, तेव्हा वामनरावांनी तिला थांबवलं आणि थैली उघडायला लावली. सहा वर्षं ती इथं कामाला होती, बायांची मुकादमीण होती, पण असं कधी झालं नव्हतं. थैलीत रिकामा डबा होता, पाण्याची बाटली होती आणि हाताला गुंडाळायचं एक फडकं होतं. वामनरावांनी डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं. त्या डब्यात झाड मावणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण एकदा झाकण काढायचं ठरवलं म्हणजे काढायचं, असा त्यांचा बाणा.

"काय झालं, वामनभाऊ?"

"काही नाही. जाय तू."

तिच्या मागून पुष्पांजली आणि आणखी तिघी बाया आल्या. त्यांच्या थैल्यांना कुणी हात लावला नाही. कलाबाईनं ते पाहिलं आणि घरापर्यंतच्या वाटेत दुसरं काही तिच्या डोक्यात आलंच नाही.

धामणगाव बढ्याच्या बाहेर, मोताळ्याच्या रस्त्याला वामनरावांची ही नर्सरी. वीस गुंठ्यांवर हिरवी जाळी ताणलेली आणि खाली नुसता पाला. ना फूल, ना फळ. क्रोटन, मनी प्लांट आणि शेफलेरा. शेफलेऱ्याच्या एका दांड्यावर सात-आठ पानं गोल उघडतात, म्हणून कलाबाईनं त्याला पहिल्याच दिवशी छत्रीझाड म्हटलं आणि मग वामनरावही तेच म्हणू लागले. सुरुवातीला गाव हसलं होतं. कपाशी सोडून पाला विकायला बसला म्हणाले. पण वामनरावांना कपाशीचं नावच नको होतं. आठ वर्षांपूर्वी भर कपाशीत फवारणी करताना ते पंपासकट आडवे झाले, अकोल्याला दवाखान्यात दहा दिवस काढले आणि घरी आले ते डाव्या डोळ्याची नजर तिथंच ठेवून. तेव्हापासून आपल्या जागेत औषधाचा थेंब येऊ द्यायचा नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. उरलेल्या एका डोळ्यानं पाहायचं म्हणून ते मान तिरकी करत आणि त्यामुळं साधं बघणंही चौकशी केल्यासारखं वाटे. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती चौकशीच असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कलाबाईला जाळीखाली पूर्वेच्या रांगेपाशी घेऊन गेले. सूनबाई पूनम तिथं पाइप धरून पाणी देत होती.

"हे पाह्य," वामनराव म्हणाले. "काय दिसते?"

"छत्रीझाडं."

"ते मले बी दिसते. बुटकी हायेत का नाही? बाकीच्या रांगा मांडीले लागतेत अन् हे दोनशे झाडं वीतभर. एका दिवशी लावली, एका मातीत लावली, पानी एकच. मंग हे काऊन वाढले नाहीत?"

कलाबाईला ते दीड महिन्यापासून दिसत होतं. जूनमध्ये मयुरीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या बाळंतपणाला ती तीन आठवडे मलकापूरला गेली होती. परत आल्यावर काही दिवसांनी ही रांग थांबल्यासारखी वाटली. मूळ कुजलं असेल म्हणून तिनं एक कुंडी उलटी करून पाहिली, तर मुळं पांढरीशुभ्र, ठणठणीत. पानंही पिवळी नव्हती, उलट जास्तच काळीभोर हिरवी होती. आजारी झाड असं नसतं. तिला काही उलगडा झाला नाही आणि आपण कुणाला सांगायला जावं तर आपलंच पाणी कमी पडलं म्हणतील, म्हणून ती गप्प राहिली होती.

"मले तं कळलं," वामनराव म्हणाले. "हे माहे झाडं नाहीतच. कोनं तरी बदलली. माही चांगली झाडं नेली अन् हे खुरटी आनून ठेवली."

कलाबाईला हसू आलं. तिथंच तिचं चुकलं.

"हासतं काऊन? पोळ्याची मिरवनूक तुह्या घरावरूनच गेली. निंबाखाली अकरा छत्रीझाडं पाह्यली मी. छातीएवढी हायेत. एकेक पान तळहातापेक्षा मोठं."

"ते उकिरड्यावरचे शेंडे हायेत, भाऊ. मागच्या पावसाळ्यात कापले अन् फेकले ते. तुमच्यासमोर नेले."

हे खरं होतं. छाटलेले शेंडे उकिरड्यावर पडले की ज्या बाईला हवे तिनं न्यावेत, असा नर्सरीचा रिवाजच होता. बाकीच्या बाया शेळीला नेत. कलाबाईनं ते रंगाच्या रिकाम्या डब्यांत खोचले, निंबाच्या दाट सावलीत ठेवले आणि भांडी विसळलेलं पाणी घालून वाढवले.

"शेंडे नेले का झाडं नेली, मी काय मागं मागं आलो होतो?"

"दोनशे बदलली म्हनता. माह्या घरी अकराच हायेत. बाकीची कुठं गेली मंग?"

"तेच तं मले पाह्यजेन," वामनराव मान आणखी तिरकी करून म्हणाले. "जूनात मलकापूरले गेली होती तू. रिकाम्या हातानं गेली होती काय?"

पूनमच्या हातातला पाइप खाली पडला. पाणी मोकळं सुटलं, वाटेवर पसरलं, कलाबाईच्या चपला भिजल्या. पूनमनं वाकून पाइप उचलला आणि पलीकडच्या रांगेत निघून गेली. नातवंडाचं तोंड पाहायला गेलेल्या बाईवर असला आळ यावा, याचा कलाबाईला इतका संताप आला, की तिला नीट बोलताच येईना.

संशयाला एकदा जागा मिळाली की तो पाय पसरतो. त्याच आठवड्यात अकोल्याचा व्यापारी आला. त्यानं उंच झाडांकडं पाहिलंसुद्धा नाही. लंबी, बारीक दांड्याची झाडं गिऱ्हाईक घेत नाही म्हणाला, आणि पूर्वेच्या रांगेपाशी उभा राहून हीच द्या म्हणू लागला. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. वामनरावांनी मात्र त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि बायकोला म्हणाले, "पाह्यलं का? आपल्याच जागेत आनून ठेवलेला माल हा नेमका ओळखते. हा अन् कलाबाई मिळून हायेत." त्या बिचाऱ्या व्यापाऱ्यानं कलाबाईला जन्मात पाहिलं नव्हतं.

थैलीची झडती रोजची झाली. पुष्पांजली आणि बाकीच्या बाया फाटकाशी पोहोचल्या की पावलं उचलून पुढं जात. आपण कलाबाईच्या सोबत नाही, हे दिसावं म्हणून. पाचव्या दिवशी कलाबाईनं थैली वामनरावांच्या पायाशी उपडी केली.

"असं रोज रोज नका पाहू. एकदाच काय ते पाहून घ्या. तुमच्या पूर्वेच्या रांगेतलं कोनतंबी एक झाड माह्या निंबाखाली ठेवा. माह्यातलं एक तुमच्या जाळीखाली आना. महिनाभर पाहा. माही झाडं तुमच्याच झाडांचे शेंडे हायेत. सावली दाट हाय म्हनून वाढले. तुमचं झाड बी माह्या निंबाखाली वाढते का नाही ते पाहा."

"अन् नाही वाढलं तं?"

"तं मी चोर."

बोलली आणि मोकळी झाली. बोलताना तिच्या आवाजात जराही भीती नव्हती, कारण झाडांचं तिला कळत होतं आणि जे आपल्याला कळतं त्याच्यावरच माणूस पैज लावतो.

वामनरावांनी शेजारच्या मळ्यातल्या शालिग्रामला साक्षीदार म्हणून बोलावलं. कुंडीला आणि डब्याला लाल तेलरंगाचं बोट लावलं. झाडांच्या उंचीएवढ्या सुतळ्या कापल्या, गाठी मारल्या आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. साध्या पाण्याशिवाय काही घालायचं नाही, असं ठरलं.

तो महिना कलाबाईला फार जड गेला. सकाळी उठली की आधी ती निंबाखाली जाई. पहिल्या आठवड्यात काही हललं नाही. जागा बदलली की झाड रुसतं, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शेंड्याला एक कोंब आला आणि उघडला तो तिथंच, खालच्या पानाला चिकटून. तांदूळ धुतलेलं पाणी घालावं असं तिला दहादा वाटलं. पण कबूल केलं होतं ते साधं पाणी, म्हणून तिनं साधंच घातलं. वामनराव कोणत्याही वेळी यायचे. दुपारी भाकर खाताना यायचे, सकाळी ती अंगण झाडताना यायचे, कुंडीतली माती बोटानं उकरून हुंगून जायचे.

"वाढते वं?" कचरू विचारी. कचरू तिचा नवरा, मोताळ्याच्या मार्केटात हमाली करणारा.

"वाढीन ना. त्याले टाइम लागते."

महिना भरला त्या दिवशी नर्सरीत सगळ्या बाया जमल्या. वामनरावांनी निंबाखालची आपली कुंडी आणवली आणि कपाटातून सुतळ्या काढल्या. कलाबाईचं जाळीखालचं झाड सुतळीच्या वर चांगलं वीतभर गेलं होतं. वामनरावांचं झाड सुतळीच्या वर दोन बोटं. शालिग्रामनं दोनदा लावून पाहिली. त्याला कलाबाईची दया येत होती, पण दयेनं सुतळी लांब होत नाही.

"दोन बोटं," तो पुटपुटला.

"आता बोल," वामनराव म्हणाले. "एकाच झाडाचे शेंडे म्हने. वान अलग हाय हा. सरळ दिसून राह्यलं. तूच म्हटलं होतं ना, नाही वाढलं तं चोर म्हना? मंग चोर हाय तू."

कलाबाईनं आजूबाजूला पाहिलं. पुष्पांजली मातीकडं पाहत होती. पूनम जाळीच्या खांबाला धरून उभी होती. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण शब्द आला नाही. कलाबाईला स्वतःचाच भरवसा वाटेना. हात तिचे, डोळे तिचे, सहा वर्षं याच झाडांत घातलेली, आणि झाडानंच तिला तोंडघशी पाडलं होतं.

"पोलिसात जात नाही, इतकं समजून घे," वामनराव म्हणाले. त्याच दुपारी टेम्पो आला आणि निंबाखालची झाडं भरून घेऊन गेला. पैजेचं तर आधीच जाळीखाली होतं. अकराच्या अकरा झाडं नर्सरीत गेली.

संध्याकाळी कचरू घरी आला. गावातून येतानाच त्याला सगळं कळलेलं होतं. कलाबाई भाकरी थापत होती. तो उंबऱ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "मले खरं सांग. आनली होती का?"

कलाबाईचा हात परातीतच थांबला.

"तुले बी तसंच वाटते?"

"मले काय वाटते त्याले काय करतं? मार्केटात मानसं इचारून राह्यले. मी काय सांगू?"

"सांग का चोरलं म्हनून. दोनशे झाडं चोरली अन् पदरात बांधून मलकापूरले नेली, असं सांग."

तिनं वाढलेली भाकर त्यानं खाल्ली, पण दुसरी मागितली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात वामनरावांसारखी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती आणि पचवली होती. हा प्रश्न तिला पचेना. सकाळी ती अंगण झाडायला गेली, तर निंबाखाली डबे ठेवल्याच्या गोल ओल्या खुणा होत्या. तिनं त्यांच्यावरून खराटा फिरवलाच नाही.

नर्सरीचं काम सुटलं तेव्हा कापसाची पहिली वेचणी सुरू होत होती. शालिग्रामनंच निरोप धाडला. त्याच्या चार एकरांत बाया कमी पडत होत्या आणि सुतळी लावल्यापासून त्याचं मनही त्याला खात असावं. कलाबाई ओटी बांधून वेचायला गेली. चौथ्या दिवशी दुपारी ती शेताच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात आली आणि थांबली. अलीकडची कपाशी तिच्या डोक्याएवढी होती. पलीकडची कमरेइतकी. पानं लहान, जाड, काळीभोर हिरवी. तिनं ओटी सावरली आणि झाडाच्या दांड्यावरून बोटं फिरवली. एका पेराला लागून दुसरं पेर, दुसऱ्याला लागून तिसरं. असा दांडा तिच्या बोटांना ओळखीचा होता.

"शालिग्रामभाऊ, हे कपाशी बुटकी काऊन?"

"अवं, वाढ थांबवाचं औषध मारलं. कपाशी नुसती वरतं वरतं जाऊन राह्यली होती. अर्ध्यातच औषध सरलं, म्हनून तिकडची तशीच राह्यली."

"असं औषध मारलं अन् मंग झाड दुसरीकडं नेऊन ठेवलं, तं वाढीन का?"

"हे काही दिवसानं उतरते. पन आंब्याच्या बुडाशी टाकतेत ना, ते अलग. ते मातीतच राह्यते. वर्स वर्स सोडत नाही म्हनतेत." त्यानं कलाबाईकडं पाहिलं आणि त्याच्याही डोक्यात उजेड पडला असावा, कारण तो एकदम म्हणाला, "पन वामनराव तं औषधाचं नाव काढू देत नाही."

कलाबाईनं उरलेला दिवस कापूस वेचला, पण ओटीत निम्मा पालापाचोळाच गेला. आता संशय तिच्या अंगात शिरला होता. कुणी टाकलं? आपल्याला काढायला म्हणून वामनरावांनीच? ते तर औषधाच्या वासानं उलटी करतात. पुष्पांजलीनं? कलाबाईच्या जागी आता तीच मुकादमीण झाली होती. का त्या अकोल्याच्या व्यापाऱ्यानं? एकेका माणसाला ती मनात उभं करत होती, त्याची थैली उघडत होती. मग तिचं तिलाच कळलं की आपणही मान तिरकी करून पाहायला लागलोय, आणि तिला आपलीच किळस आली. तिनं लोकांना सोडलं आणि झाडांचा विचार केला. दोनशे झाडांच्या बुडाशी मापानं औषध ओतायचं तर सवड पाहिजे, माप पाहिजे आणि नर्सरीत कुणाच्या डोळ्यावर न येता वाकून बसता आलं पाहिजे. तिचं मन पाइप पडला त्या जागेपाशी येऊन थांबलं.

पूनमला तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी गाठलं. वामनराव जेवून आडवे झाले होते. पूनम नर्सरीमागच्या हौदावर एकटीच कुंड्या धूत होती. कलाबाईला पाहून तिनं डोक्यावरचा पदर उगाचच सारखा केला.

"कधी टाकलं?" कलाबाईनं विचारलं.

पूनमनं काय टाकलं म्हणून विचारलं नाही. हातातली कुंडी तिनं पाण्यात सोडली. ती थोडी तरंगली आणि भरून बुडाली.

"तुम्ही मलकापूरले गेल्या तवा. माह्या भावाचं अकोल्याले कृषी केंद्र हाय, त्यानं आंब्याचं ते औषध आनून देल्लं. दोनशेच झाडांले टाकलं, मावशी. बाकीची तशीच ठेवली, फरक पाहाले." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "मामाजीनं पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी आनली. सस्ती भेटली म्हनून. इतक्या अंधारात झाड उजेड धुंडत लंबं होत जाते, दांडा धागा होते. टेबलावर ठेवाले असं झाड कोन घेते? पातळ जाळी टाका म्हनलं, तं आयकत नाहीत. मले वाटलं, औषधानं झाडं भरली, विकली, का मंग सांगता येईन. पंप नाही लावला. बुडाशी गिलासानं ओतलं."

"मंग मले चोर म्हनलं तवा तुह्या तोंडात काय होतं?"

पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. "पयल्याच दिवशी सांगाचं होतं. तवा जीभ उठली नाही. पयल्या दिवशी नाही सांगितलं, मंग दुसऱ्या दिवशी कसं सांगू? तिसऱ्या दिवशी कसं सांगू? त्या पैजेच्या वक्ताले तं मले माहीत होतं का तुम्ही हारसान. महिनाभर झोपली नाही मी."

"मी झोपली होती काय?"

पूनमनं तिचा हात धरला. मामाजींना मी समजावते, तुम्हाला कामावर परत घ्यायला लावते, पण औषधाचं नाव काढू नका, असं ती म्हणू लागली. औषधानं त्यांचा डोळा गेला. घरात औषध आणलं कळलं तर ते मला माहेरी धाडतील. ती खोटं बोलत नव्हती. तिची भीती खरीच होती आणि कलाबाईला ती दिसत होती. मयुरीच्याच वयाची पोरगी. क्षणभर कलाबाईला वाटलं, जाऊ द्यावं. पण मग तिला उंबऱ्यावर बसलेला कचरू दिसला.

"उद्या सकाळी बाया जमतेत तवा येतो मी," तिनं हात सोडवून घेतला. "जिथं चोर म्हनलं तिथंच सांगाचं. तू सांग. नाही सांगितलं तं मी सांगीन. पन तू सांगितलं तं बरं राह्यीन. तुह्यासाठी बी."

दुसऱ्या दिवशी बायांची हजेरी चालू असताना कलाबाई फाटकातून आत आली. वामनराव उलट्या क्रेटवर बसले होते.

"काऊन आली वं आता?"

कलाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती पूनमकडं पाहत राहिली. पूनम खांबापाशी उभी होती. एवढ्या बायांच्या पुढं, सासऱ्यापुढं, ती आजवर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. तिनं खांब सोडून एक पाऊल पुढं टाकलं.

"मामाजी, झाडं कोनी बदलली नाहीत. मीनं औषध टाकलं. वाढ थांबवाचं. कलाबाईले काहीच माहीत नव्हतं."

जाळीवरून सकाळचं दव थेंबाथेंबानं गळत होतं. वामनराव उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी आपला अधू डोळा हातानं झाकला, जणू तिथं अजून झोंबत होतं.

"माह्या जागेत," ते म्हणाले. "औषध."

"फवारलं नाही, मामाजी. बुडाशी..."

"घरात जाय."

पूनम गेली. बाया आपापल्या रांगांत पांगल्या आणि कान इकडं ठेवून माती भरू लागल्या. वामनराव उठून कलाबाईला पूर्वेच्या रांगेकडं घेऊन आले. चुकलं, असं काही ते म्हणाले नाहीत. ते शब्द त्यांच्या घशात होते की नव्हते, कोण जाणे.

"झालं ते झालं. उद्यापासून ये तू," ते म्हणाले. मग मान तिरकी करून त्यांनी घराच्या दिशेला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुकादमी तुह्याकडं. किल्ली बी तुह्याकडं. फक्त एक करजो. हिच्यावर ध्यान ठेव. काय आनते, काय टाकते, भावाले फोनवर काय बोलते, ते मले संध्याकाळी सांगत जाय. आता तुह्याशिवाय मले दुसरं कोनी भरवशाचं नाही."

कलाबाई पाहतच राहिली. कालपर्यंत चोर होती ती आज भरवशाची झाली, का तर दुसरी चोर सापडली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो कंटाळा. ह्या माणसाला एक जण कमी झाला की दुसरा लागत होता.

"झाडं पाहाले ठेवत असान तं आताच येतो," ती म्हणाली. "मानसं पाहाले दुसरं कोनी पाहा."

"नाही म्हनतं? काम लागत नाही तुले?"

"लागते. शालिग्रामभाऊच्या कपाशीत हाय अजून. तुम्ही माही झाडं द्या."

"घेऊन जाय. टेम्पो पाठवतो."

"टेम्पो नको."

कचरूला कुणीतरी कळवलं असावं. तो काम सोडून, गावातून कुणाची तरी हातगाडी मागून घामाघूम होऊन आला. फाटकाबाहेर उभा राहून त्यानं तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं आणि गाडी पुढं केली. कलाबाईनं गाडीलाही नकार दिला. "गाडीवर नेलं तं लोक म्हनतीन का माल नेऊन राह्यली," ती म्हणाली. "मी हातात नेतो." तिनं एक डबा कमरेवर घेतला, एक दुसऱ्या हाताच्या कवेत, आणि फाटकातून निघाली.

घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधे एस.टी.चा थांबा, चहाच्या टपऱ्या, सोसायटीचं दुकान, शाळा. जवळची पायवाट होती, पण ती रस्त्यानंच गेली. छातीएवढी झाडं, मोठमोठी पानं, चालताना तिच्या तोंडावर येत होती. टपरीवरच्या कुणीतरी विचारलं, "कोनाची वं झाडं, कलाबाई?"

"माही."

घरी डबे ठेवून ती परत आली आणि आणखी दोन घेऊन निघाली. तिसऱ्या खेपेला कुणी विचारलं नाही. चौथ्या खेपेला पुष्पांजलीनं हात पुढं केला. कलाबाईनं नको म्हटलं. ऊन चढलं. पत्र्याच्या कडेनं तिच्या मनगटाला कापलं. कचरू रिकामी गाडी घेऊन फाटकाशी उभाच होता. पाचव्या खेपेला त्यानं गाडी तिथंच सोडली आणि तिच्या मागून नुसताच चालू लागला, घरापर्यंत आणि घरापासून परत. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तिनं विचारलं नाही.

सहाव्या खेपेला एकच झाड उरलं. पैजेचं, लाल रंगाचं बोट लावलेलं. ते तिनं दोन्ही हातांनी उचललं. वामनराव फाटकात उभे होते. पहिल्या खेपेपासून ते तिथून हलले नव्हते. त्यांचे ओठ बारीक हलत होते आणि ते काय करत होते ते कलाबाईला आता कळलं.

ती त्यांच्यासमोर थांबली.

"मोजा, वामनभाऊ," ती म्हणाली. "बरोब्बर मोजा. अकरा झाली. उद्या एखादं कमी भरलं तं मी नाही इथं. घरातल्याच मानसावर आळ येईन."

वामनरावांचे ओठ थांबले. घराच्या दाराआड पूनमच्या साडीचा काठ दिसत होता. कलाबाई झाड सावरून रस्त्याला लागली. मागून कचरूची पावलं येत होती, पण ती त्याच्यासाठी थांबली नाही.